व्हिडिओतली बाई कुठंय?

सकाळी सकाळी मावसभावाचा मेसेज. "ताई, लग्नाचा बँड फायनल! व्हिडिओ बघ, वेडी होशील." खाली जेमतेम मिनिटभराचा व्हिडिओ. धूर, निळे दिवे, वाऱ्यावर उडणारे केस, गिटारवर फिरणारी बोटं. बघितला. वेडी झाले नाही, डोकं मात्र फिरलं. लगेच फोन लावला.

बोललास का त्यांच्याशी? "मेसेजवर बोललो."
प्रत्यक्ष ऐकलंस का? "अगं, व्हिडिओत ऐकू येतंय की!"
लेखी काही? "मी ॲडव्हान्स पाठवला, त्यांनी जोडलेले हात पाठवले."

जोडलेले हात! हाच मुलगा नवा मोबाईल घ्यायचा तर तीन आठवडे रिव्ह्यू बघत बसतो. ऑफिसला जाताना अख्खा वेळ माझी चिडचिड चालू होती, म्हणून आता हे लिहितेय. लांबण लागणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात बँड ठरवायचं काम माझ्याकडे होतं. त्या लग्नाला जे होते त्यांनी कृपया कमेंटमध्ये खिदळू नये. मीसुद्धा व्हिडिओच बघितला होता. त्यात एक गायिका होती, जरा घोगरा आवाज, वरचा सूर लावताना डोळे मिटून घ्यायची. मी आणि होणारी भावजय, आम्ही दोघींनी तो व्हिडिओ वीसेक वेळा तरी बघितला असेल. लग्नाच्या संध्याकाळी स्टेजवर चढला एक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. हातात मोबाईल, मोबाईलवर गाण्यांचे शब्द. भावजयीने फोटो काढता काढता लांबूनच मला भुवया उडवून विचारलं, बाई कुठंय?

बाई बँड सोडून तीन महिने झाले होते. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता मला माहितीये. असल्या व्हिडिओतलं गाणं बहुतेक वेळा स्टुडिओत आधीच रेकॉर्ड केलेलं असतं, शूटिंगच्या दिवशी नुसते ओठ हलवायचे. बरं, जाहिरात सगळेच नटवून करतात, मान्य. पण मग तुम्ही त्यांच्याकडे दुसरी गोष्ट मागा ना. मागच्या एक-दोन महिन्यांतल्या कुठल्याही लग्नात कुणीतरी मोबाईलवर काढलेलं एक अख्खं गाणं, न कापलेलं. हललेलं, अंधारातलं, मधे कुणाचं तरी पोर रडणारं चालेल. त्यात खरं काय ते कळतं. गायकाला दम लागतो का, दोन गाण्यांच्या मधे हे लोक पाच-पाच मिनिटं तारा पिळत बसतात का, आणि समोरची माणसं नाचतायत की पाठ करून उभी आहेत. तेवढ्यात हेही बघून घ्या की स्टेजवर माणसं चार आणि ऐकू येतायत डझनभर व्हायोलिनं, असं तर नाही. मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज सोडून बाकी सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं संगीत) लावून गाणं हा काही गुन्हा नाही, पण मग त्याला लाइव्ह बँड म्हणून पैसे किती द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि सरळ विचारा, कोण कोण येणार? एकाच नावाखाली एकाच दिवशी दोन ठिकाणी दोन टीम पाठवणारेही असतात. बदली वादक आला तर माझी हरकत नाही, माणूस आजारी पडतो, त्यालाही घरदार असतं. पण सांगा की! दोन ओळींचा मेसेज टाकायला काय होतं?

आवाजाचं तर बोलूच नका. हॉलचं छत बुटकं, खाली गुळगुळीत फरशी, आणि त्यात खराखुरा ड्रमसेट. गिटारचा आवाज बटण फिरवून कमी करता येतो, ड्रमला बटण नसतं. माझी आजी श्रवणयंत्र लावते. पहिल्याच गाण्याला तिने दोन्ही कानांतली यंत्रं काढली, रुमालात ठेवून रुमालाला गाठ मारली आणि गाठोडं पर्समध्ये टाकलं. नंतर दोन तास ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ओठांकडे बघून हसत होती. माणसं वाकून तिला काहीतरी सांगायची, ती मान डोलवायची. नातवाच्या लग्नात आजीला आम्ही बहिरी करून बसवली. आणि पैसे मोजून!

त्या लग्नानंतर मी यावर वाचत बसले होते. कानांसाठी बऱ्याच ठिकाणी धरतात तो हिशोब असा, की 85 डेसिबलला 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. ड्रमच्या जवळच्या टेबलावर शंभर सहज होतात. आम्ही त्या टेबलांवर कुणाला बसवलं होतं? म्हाताऱ्यांना. त्यांना स्टेज नीट दिसावं म्हणून!

यात बँडचा दोष अर्धाच, हेही लिहून टाकते. पाच जणांच्या बँडला सामान लावून साउंड चेक करायला दीड-दोन तास लागतात. आम्ही दिला अर्धा तास, कारण तोवर स्टेजवर फुलवाले होते. शिवाय रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि माणसं भरली की तीच माणसं आवाज पितात, तेव्हा आधी लावलेलं सगळं पुन्हा बघावं लागतं. आमच्या साउंडवाल्याने बघितलं म्हणजे काय, तर सगळंच वर चढवलं. मग माइकने ती कानात सुई घातल्यासारखी शिट्टी मारली, दोनदा.

पाऊण तासाने बँड एकदम थांबला. ब्रेक. पाऊण तास वाजवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, ही सगळीकडची पद्धत आहे म्हणे, आम्हाला कुठे माहीत! मधल्या वेळात लावायला गाणी ठेवलेली नाहीत. एवढ्या माणसांत चमच्यांचे आवाज ऐकू येत होते. माझा पारा चढलेलाच होता. मी तरातरा स्टेजमागे गेले आणि त्या मुलाला अद्वातद्वा बोलले. फसवणूक काय, लाज काय, जे तोंडाला येईल ते. तो एका स्पीकरच्या खोक्यावर बसला होता. उठून उभा राहिला. म्हणाला, "ताई, मला परवा रात्री फोन आला. चाळीस गाणी दिली. काल दिवसभर पाठ करतोय." घसा बसायला आला होता त्याचा. सकाळपासून जेवलाही नव्हता, कारण बँडच्या जेवणाचं कुणी ठरवलंच नव्हतं. त्यांना वाटलं आम्ही देऊ, आम्हाला वाटलं ते खाऊन येतील.

मी गप्प. अजूनही आठवलं की लाजल्यासारखं होतं.

म्हणून कागद करा रे बाबांनो. बँडवर विश्वास नाही म्हणून करायचा असं नाही, त्या मुलासारखा कुणीतरी मधे भरडला जाऊ नये म्हणूनही करायचा. येणाऱ्यांची नावं, सामान कधी आत येणार, किती सेट (म्हणजे दोन ब्रेकच्या मधलं सलग वाजवणं), ब्रेकमध्ये काय वाजणार, उशीर झाला तर जादा तासाचे किती, साउंड कुणाचा, जेवण कुणाकडे, रद्द झालं तर ॲडव्हान्सचं काय. एक पान पुरतं. गाण्यांची यादी त्यांच्याकडून मागा आणि त्यातली नको ती खोडा. आपली पन्नास गाण्यांची यादी त्यांच्या गळ्यात मारू नका. एखादं खास गाणं हवंच असेल तर काही आठवडे आधी सांगा, गायकाच्या पट्टीत बसवावं लागतं ते.

"मग डीजे काय वाईट?" असं कुणीतरी लिहिणारच आहे. काही वाईट नाही. जागा कमी लागते, गाणी सगळी असतात, आणि आवाज कमी कर म्हटलं तर होतो. झालं समाधान? मला तरीही समोर घाम गाळून वाजवणारी माणसं आवडतात, त्याला मी काय करू?

आता कुणी विचारलं की मी एवढंच बघायला सांगते, की बँड तुम्हाला किती प्रश्न विचारतो. हॉल कितव्या मजल्यावर, लिफ्टमध्ये कीबोर्ड मावेल का, छत केवढं उंच, दिव्यांची आणि साउंडची लाइन वेगळी आहे का (एकाच लाइनवर असली तर स्पीकर गुणगुणत बसतात), भाषणं कधी, वयस्कर मंडळी कुठे बसणार. एवढं डोकं खाणारा बँड मिळाला तर सोडू नका. "सगळं होऊन जाईल ताई" असं पहिल्याच वाक्यात म्हणाला तर फोन ठेवा.

त्या रात्री सामान आवरून झाल्यावर तो मुलगा आमच्या शेजारच्या टेबलावर जेवायला बसला होता. आजीने रुमालाची गाठ सोडली, यंत्रं कानात घातली आणि त्याला हाताने बोलावलं. "आता म्हण." ना माइक, ना ड्रम. गिटारवाल्याने खुर्ची ओढली आणि त्या मुलाने एक जुनं, संथ गाणं म्हटलं. बरं गायला. खरं तर फार छान गायला. आजीने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "दुसरं कडवं गाळलंस."

तो म्हणाला, "मोबाईलची बॅटरी गेली, आजी."

हे टाइप करतेय तोवर मावसभावाचा मेसेज आलाय. "ताई, विचारलं त्यांना, व्हिडिओतली गायिकाच येणार ना म्हणून. हे बघ उत्तर." खाली स्क्रीनशॉट.

अंगठा पाठवलाय.

थांबा, त्यांचा नंबर घेते त्याच्याकडून.