देव बदलायचाय? आधी देवघर रिकामं करा

नव्या देवाची ओळख होऊन तीनच महिने झाले असतील तरी हरकत नाही, पहिला मान देवघराचाच.

पूर्वी गोव्यात हे काम फार जिकिरीचं होतं. 1560 पासून 1812 पर्यंत पोर्तुगीजांना इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालय, चालवावं लागलं. 1736 साली हुकूम काढून अंगणातली तुळस, लग्नातली हळद आणि विडा यांवरसुद्धा बंदी घालावी लागली. माणसं देव घेऊन पळाली. कुठ्ठाळीचा मंगेश आज मंगेशीला आहे तो त्यामुळेच. आता एवढा खटाटोप कशाला? प्लास्टिकची एक पिशवी पुरते. मागल्या मंगळवारी माझ्या चुलतभावाने तशी पिशवी आणली, जोतिबा, खंडोबा, यल्लम्मा असे चांदीचे टाक त्यात भरले आणि खानापूरच्या घाटावर मलप्रभेत सोडून आला. काकू तेव्हा जोगव्याला बाहेर पडली होती. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, गळ्यात दर्शनाची माळ, हातात परडी. घरी येऊन बघते तर कोनाडा मोकळा. वर हा तिला समजावतोय, "आई, ती देवी नव्हे, सैतान आहे." म्हातारीनं एवढंच विचारलं, "तुला टायफॉइड झाला तवा सौंदत्तीला दंडवत घातलं, ते मग कुणाला रे?"

या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. मोबाइलवर भजन मोठ्यानं लावा.

जात मात्र बुडवू नका. लेकीचं स्थळ बघताना ती लागते.

शेतातला वाटाही बुडवू नका. सातबारावरचे पूर्वज सैतान नसतात.

श्राद्धाचं जेवण नाकारा, पण डबा भरून दिला तर घ्या.

शेजारच्या गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांकडे चुकूनही बघू नका, बिघडाल. कुंकळ्ळीला देवीच्या छत्र्यांच्या उत्सवात ख्रिस्ती गावकरही मानानं असतात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, लोक शिरगावच्या लइराई देवीची बहीण मानतात. एवढा छळ सोसून त्या माणसांनी नातं ठेवलं, आणि तुम्हाला तीन महिन्यांत आईची देवी सैतान वाटायला लागली! बेळगावात लंडन मिशनचे पाद्री 1820 सालीच आले होते. दोनशे वर्षांत त्यांना आमचा कोनाडा काही गाठता आला नाही. त्यासाठी घरचाच पोरगा लागला.

आता सरळच बोलतो, कारण हे तू वाचशील. तू दारूत बुडाला होतास तेव्हा आम्ही भाऊबंद फिरकलो नाही, प्रार्थनेवाले मात्र रोज आले. खरंय ते, आमचीच लाज आहे. दारू सुटली, छान झालं. तुझा येशू तुला लखलाभ, त्याच्याशी माझं काही भांडण नाही. पण ते टाक तुझे नव्हते, गाढवा! काकू लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिच्या ओंजळीत दिलेले. बाई धडधाकट आहे, बोलता येतं तिला. विचारायला तोंड नव्हतं? मग ती घराबाहेर गेल्यावरच पिशवी का काढलीस?

शहापुरातल्या सराफाला नवे टाक घडवायला सांगितलेत. चांदी आणि मजुरी मिळून जे होईल ते तुझ्याकडून घेणार. शुक्रवारच्या आत पैसे आणून दे, आणि आईच्या हातात दे, माझ्या नको.