‘गुणवत्ता असेल तर स्त्रिया वर येतीलच’ हा दावा का टिकत नाही

तंत्रज्ञान कंपन्यांच्या नेतृत्वात स्त्रिया इतक्या कमी का, असा प्रश्न निघाला की एक संदेश हमखास फिरू लागतो: स्त्रियांना तांत्रिक कामाची मुळातच आवड कमी असते, पदे निव्वळ गुणवत्तेवर मिळतात, संसारामुळे त्या स्वतःहून मागे राहतात, आणि तरीही काही जणी सीईओ झाल्याच आहेत.

आधी आवडीचे पाहू. १९४६ साली जगासमोर आलेल्या एनिअ‍ॅक या संगणकाचे प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या. प्रात्यक्षिकानंतरच्या मेजवानीला मात्र त्यांना बोलावणे नव्हते. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास सुमारे ३७ टक्के होते आणि पुढे ते २० टक्क्यांच्याही खाली घसरले. आवड उपजत असती, तर ती एका पिढीत निम्म्यावर आली नसती.

गुणवत्तेचा मुद्दा सर्वांत भारदस्त वाटतो, म्हणून तो नीट उलगडायला हवा. अ‍ॅमेझॉनने उमेदवारांचे अर्ज पारखणारी एक संगणकप्रणाली विकसित केली होती आणि तिला आधीच्या दहा वर्षांचे, बहुतांशी पुरुषांचे, अर्ज शिकवले होते. अर्जात ‘महिला बुद्धिबळ मंडळाची कर्णधार’ अशासारखा उल्लेख आला की ती गुण कमी करी, असे २०१८ मध्ये उघड झाले. त्याआधीच कंपनीला तो प्रकल्प गुंडाळावा लागला होता. यंत्राच्या मनात आकस नसतो. माणसांनी आजवर जे निवडले तेच त्याने गुणवत्ता म्हणून गिरवले. गिटहब या, प्रोग्रॅमर आपला कोड (संगणकासाठी लिहिलेल्या सूचना) एकमेकांना देतात त्या संकेतस्थळावरील कोडचा २०१६ मधील अभ्यासही हेच दाखवतो: प्रकल्पाबाहेरून येणाऱ्या ज्या स्त्रियांचे स्त्री असणे प्रोफाइलवरून कळत नव्हते, त्यांचा कोड पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारला गेला, आणि स्त्री असल्याचे कळत असले की ते प्रमाण पुरुषांपेक्षा खाली आले.

संसाराची सबब तर जुनीच आहे. ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये सॉफ्टवेअर कंपनी काढली, ती घरून काम करणाऱ्या स्त्रियांच्या बळावर. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत २९७ स्त्रिया होत्या आणि कॉनकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे प्रोग्रॅमिंग त्यांच्याच हातून झाले. मागे ठेवत होती ती कामाची चौकट, मुले नव्हेत.

उरला मुद्दा मोजक्या सीईओंचा. लिसा सू २०१४ पासून संगणकाच्या चिपची कंपनी एएमडी समर्थपणे सांभाळत आहेत, याचा मला मनापासून आदर वाटतो. पण गळती शिखरावर होत नाही, ती पायथ्याशी होते. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीन इन ही स्त्रियांच्या प्रगतीसाठी काम करणारी संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार अमेरिकेतील कंपन्यांत १०० पुरुषांना व्यवस्थापकपदाची पहिली बढती मिळते, तेव्हा ती ८१ स्त्रियांनाच मिळते. म्हणून दार उघडे असल्याचे सांगणाऱ्या कंपनीने एखादीचे छायाचित्र दाखवण्याऐवजी, त्या पहिल्या बढतीस किती जणी पात्र होत्या आणि किती जणींना ती मिळाली, हे आकडे दरवर्षी जाहीर करावेत.