‘आमच्या आजीला कुठं बीपी होतं?’ : निपाणीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

बाळंतिणीच्या काळजीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते ज्यांनी वाचलं नसेल, त्यांच्यासाठी आधी इथं देते. ‘पुस्तकी बाई, आमच्या बायकांना घाबरवायचं सोडा. आमच्या आजीनं आठ बाळंतपणं घरात केली, तिला कुठं बीपी होतं? तुमचा लेख वाचून माझी बायको रात्रभर झोपली नाही. तिला सातवा महिना आहे, पाय सुजतात, ते सगळ्यांचेच सुजतात. आणि तायी कार्डावरचं कन्नड आम्हाला वाचता येत नाही, त्यावर लिहा की कधीतरी.’ (तायी कार्ड म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं, तपासण्यांच्या नोंदीचं सरकारी कार्ड.)

‘पुस्तकी बाई’ हे मला लागलं, म्हणून तिथूनच सुरू करते. मी खानापूर तालुक्यात नर्स होते, तिथूनच निवृत्त झाले. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला तिथली नोकरी म्हणजे काय ते सांगायला नको. भीमगडच्या जंगलातल्या गावांतून अडलेल्या बाईला माणसं खाटेवर घालून आणायची. त्या खाटेच्या बाजूनं, तिच्या पोटावर हात ठेवून मी चाललेय. मी डॉक्टर आहे असं कुठंच लिहिलं नव्हतं. पण पुस्तकी? आणि ‘आमच्या बायका’ म्हणजे कुणाच्या? मी काय परमुलखातली आहे? तुमच्या आईच्या वयाच्या बाईशी बोलायची ही रीत निपाणीची नाही, एवढं मला माहीत आहे.

एक मान्य करते. ‘जीवघेण्या चुका’ हे शीर्षक जरा भडक होतं, साधं चाललं असतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावून कढत पाण्याची आंघोळ यांना माझा विरोध नव्हता, आजही नाही. दारं-खिडक्या लावून खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवू नका, एवढंच म्हटलं होतं. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाळ-बाळंतीण झोपेतच बेशुद्ध पडतात, घरच्यांना पत्ता लागत नाही.

आता तुमच्या आजी. त्यांना बीपी नव्हतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? मोजलं कुणी? त्या काळी गावात सुईण होती, विळा होता, चूल होती. बीपीचं यंत्र कुणाकडं होतं? 140/90 च्या वर गेलेला दाब बाईला स्वतःला कळेलच असं नाही. ती भाकऱ्या थापते, पाणी भरते आणि एके दिवशी डोकं धरून बसते. मग झटके येतात. गावात त्याला ‘वारं आलं’ म्हणायचे, ‘बाहेरचं झालं’ म्हणायचे, अंगारा लावायचे. त्या बायकांची नोंद बीपी म्हणून कशी होणार?

माझ्या घरचंच सांगते. माझी आजी आजोबांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणातच गेली, बाळाची पाचवी पुजायच्या आधी. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला आमच्याकडं तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायचे. लहान असताना मला वाटायचं, सगळ्यांच्याच आजोबांना दोन बायका असतात, कारण आमच्या गल्लीत तशी बरीच घरं होती. तिची कथा सांगायला तिची नातवंडंच नाहीत. जी आजी आठ बाळंतपणांतून वाचली तिचाच नातू आज मला प्रतिक्रिया लिहितो. जी पहिल्याच वेळी गेली तिच्या बाजूनं कोण लिहिणार, दादा? तुम्ही तुमच्याही घरात विचारून बघा. पणजोबांपर्यंत जा. नवमीला कुणाचं नाव घेतात ते विचारा.

हे माझ्या घरापुरतं आहे असं म्हणाल म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं दुसरं सांगते. 2002 ते 2005 या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं अमेरिकेतल्या डॉक्टरांबरोबर इथल्याच खेड्यांत एक अभ्यास केला. 1,620 बायका, बाळंतपणं घरात नाहीतर उपकेंद्रात, आणि करणाऱ्या आमच्यासारख्याच नर्सा. बाळ झाल्याबरोबर निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलची, म्हणजे रक्तस्राव कमी करणारी, गोळी दिली, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. औषध न मिळालेल्यांत शंभरात 12 जणींच्या अंगावरून अर्धा लिटर किंवा जास्त रक्त गेलं. औषध मिळालेल्यांत 6.4. तो अभ्यास 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. म्हणजे ज्यांना आधी काही दुखणं नव्हतं अशा बायकांच्या साध्या बाळंतपणातही शंभरात बाराजणी! आणि ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच 7 च्या खाली आहे, तिला एवढं रक्त गेलेलं सोसत नाही. लोहाच्या 180 गोळ्या पोटुशीपणी आणि नंतर आणखी 180 घ्या म्हणून आशाअक्का, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, मागं लागते, ती उगीच नाही.

कार्डाच्या भाषेचा वाद वेगळा आहे. त्यात मी पडत नाही. बीपी, वजन, हिमोग्लोबिन हे आकडेच असतात, ते वाचता येतात. उरलेलं आशाअक्का वाचून दाखवेल.

तुमच्या बायकोची झोप गेली याचं मला वाईट वाटलं. पण तिला झोप लागावी म्हणून ‘सगळ्यांचेच सुजतात’ एवढं सांगून भागणार नाही. संध्याकाळी पाऊल सुजणं आणि रात्री पाय वर घेऊन झोपल्यावर उतरणं हे खरंच बऱ्याच जणींना होतं. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं असेल, बांगड्या रुतत असतील, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढं काजवे चमकत असतील, बरगडीखाली दुखत असेल, तर ती दाब चढल्याची खूण समजून त्याच दिवशी, रात्र असली तरी, 108 ला फोन करायचा. हे बाळंतपणानंतरही सुटत नाही. झटके बाळ झाल्यावर पहिल्या दोन दिवसांतही येतात, दाब नंतरही चढू शकतो. आशाअक्का 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. तो आपला सव्वा महिनाच झाला. त्यात तिला ‘बाळंतीण झोपलीय’ म्हणून दारातून परत पाठवू नका.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट असते. पण तुम्ही 9 ची वाट बघू नका. सातवा महिना आणि सूज, एवढं पुरे. उद्या सकाळी तिला घेऊन जा, बीपी बघा, लघवी तपासून घ्या. आकडा किती आला ते इथंच खाली लिहा. मी वाचणार आहे.