संत्र्यावर आळ आणि बेंबीतला सूर

थंडी पडून कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले की नागपुरातल्या गाण्याच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. सार असं: आवाज दैवी देणगी आहे, ज्याला नाही त्याने गाऊ नये. छाती भरदार हवी. संत्री बंद, जेष्ठमध चालू. सूर घशातून नको, बेंबीतून काढा. काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरण्याइतकं) पोचाल तरच गायक. कूलरची हवा वर्ज्य. आवाज बसला तर कुजबुजत बोला.

लिहिणाऱ्याला आवाज निघतो कुठे हेच ठाऊक नाही, म्हणून त्याचा प्रत्येक सल्ला भलत्याच जागी जाऊन पडतो.

संत्र्याचंच घ्या. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावर झाकण पडतं, स्वरतंतू मिटतात आणि घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो. स्वरतंतूंपर्यंत थेंब जरी गेला तरी ठसका लागतो. म्हणजे संत्र्याचा रस तिथे पोचत नाही, आणि त्याच न्यायाने जेष्ठमधही पोचत नाही. घशाला बरं वाटतं, तेवढंच. वाफ मात्र श्वासाबरोबर खरोखर आत जाते. आणि गळ्याला छळणारं आम्ल बहुतेकदा वरून नाही, खालून येतं. रात्री अकराला सावजीचा रस्सा ओरपून लगेच आडवं झालं की ते जठरातून वर चढतं आणि सकाळी खर्ज लावायला बसावं तर आवाज खरखरीत. ठपका आदल्या दुपारच्या संत्र्यावर! (सावजी सोडा असं मी म्हणत नाही, तसं म्हणून नागपुरात राहायचं कुठे?)

बेंबीचा मुद्दा जरा समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात अर्धं खरं आहे. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, हा श्वास आत घेण्याचा स्नायू. गाताना ते हळूहळू सैल होत जातं आणि पोटाचे व बरगड्यांचे स्नायू हवा किती सुटावी ते आवरतात. गुरुजी 'पोटातून गा' म्हणतात तेव्हा त्यांना हा ताबा हवा असतो, खांदे उचलून घेतलेला श्वास नको असतो. पण सूर जन्मतो घशातच. हवेच्या झोताने दोन स्वरतंतू उघडमीट करतात. पुरुषांत त्यांची लांबी साधारण दोन सेंटिमीटर, बायकांत त्याहून कमी. त्यांचा नुसता आवाज ऐकला तर तो भुणभुणच वाटेल. घसा, तोंड, जीभ आणि ओठ त्या भुणभुणीतले काही स्वरांश (मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर) उचलून धरतात, काही दाबतात, आणि त्यातून 'आ' वेगळा, 'ई' वेगळा, तुमचा गळा वेगळा, माझा वेगळा. ऑपेराचे कसलेले गायक, विशेषतः पुरुष, सेकंदाला तीन हजार कंपनांच्या आसपासचे स्वरांश असे फुलवतात की मायक्रोफोनशिवाय वाद्यवृंदावर ऐकू येतात. त्यात जोर कमी, घडण जास्त. गाणाऱ्या गळ्याचं हे काम १८५४ साली आरशात पाहिलं ते मान्युएल गार्सिया नावाच्या गाण्याच्या शिक्षकाने, तेही स्वतःच्याच गळ्यात.

भरदार छातीला कुमार गंधर्वांचं एक नाव पुरे. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद पडलं, आणि १९५० च्या दशकात ते परतले ते छोट्या, धारदार तानांची स्वतःची गायकी घेऊन.

काळी चारचा हट्ट मला सगळ्यांत घातक वाटतो. काळी एकचा सा लावणाऱ्या पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा हलतात. काळी चारचा सा लावणाऱ्या बाईचे सुमारे २०८ वेळा. हा फरक लांबी, जाडी आणि ताणाचा आहे, त्यात कर्तृत्व काही नाही. तरी कराओकेच्या संध्याकाळी मंडळी मूळ ट्रॅकची पट्टी सोडत नाहीत, मानेच्या शिरा फुगवून तारसप्तक गाठतात. मोबाइलवर पट्टी उतरवता येते हो! असं रोज ओरडलं तर स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात.

दैवी देणगी? सुरांतला फरक मुळातच न कळणारी माणसं असतात, पण शंभरात फार तर दोन-चार. बाकीच्या बेसुरांचा कान ठीक असतो, गळ्यावर ताबा नसतो. तानपुऱ्याबरोबर गाऊन, रेकॉर्ड करून, ऐकून तो येतो. विदर्भात गावोगाव तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. तिथे दारात कोणी गळा तपासत नाही.

कूलरबद्दल थोडक्यात: मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो ओलावा देतो, एसी उलट हवा कोरडी करतो. फक्त वाळ्याच्या कुबट ताट्या बदला.

राहिली कुजबुज. बसलेल्या आवाजाला विश्रांती हवी तर गप्प बसा. कुजबुजताना अनेक जण स्वरयंत्र आवळतात. बोलावंच लागलं तर हळू, सहज आवाजात बोला आणि सारखं खाकरू नका. खर्रा आणि सिगारेटबद्दल मेसेजात अवाक्षर नाही, म्हणून हे मी जोडतो: आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. तंबाखूची सवय असेल तर तेवढीही वाट पाहू नका.