लेन्स पुसू नका

घरात डोहाळजेवण आहे आणि व्हिडिओची जबाबदारी तुमच्यावर आली आहे, तर सर्वप्रथम अभिनंदन. फोटोग्राफरचे पैसे वाचवायचे ठरले की घरातला जो माणूस जेवताना सगळ्यांत जास्त रील्स बघतो त्याच्याकडे हे खातं आपोआप येतं. घाबरू नका. शूटिंग कसंही झालं तरी चालतं, कारण ‘एडिटिंगमध्ये बघू’ हा मंत्र तुमच्या पाठीशी आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं जुनी माणसं म्हणायची. त्यांच्या वेळी सॉफ्टवेअर नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी फोन खिशातून काढा आणि थेट रेकॉर्डचं बटण दाबा. लेन्स पुसू नका. तिच्यावर सकाळपासूनचा घाम, खोबरेल तेल आणि वाढपात हातभार लावताना लागलेलं तूप असतं. त्यामुळे दिव्यांभोवती जे धूसर वलय येतं, ते मिळवायला व्यावसायिक कॅमेरामन मिस्ट फिल्टर नावाची काच पैसे मोजून विकत घेतात. तुम्हाला ते फुकटात मिळतंय. डोहाळकरणीचं तोंड खिडकीकडे करू या, असं कुणी सुचवलं तर त्याला पानं मांडायला पाठवा. सजवलेला झोपाळा खिडकीला पाठ करूनच शोभतो. उजेड मागून येईल, चेहरा काळवंडेल, आणि इथेच एडिटरचं कौशल्य सुरू होतं: शॅडोज वर ओढायच्या, मग चेहऱ्यावर उठलेले दाणे घालवायला डीनॉइज मारायचं, मग मेणाचा झालेला चेहरा जिवंत दिसावा म्हणून शार्पनेस वाढवायचा. एवढं केल्यावर सातव्या महिन्यातली तुमची वहिनी पंचावन्नची दिसते, पण फुटेज वाचलेलं असतं.

स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, लॉक होतं, ही सोय बहुतेक फोनमध्ये आहे. तिच्या वाटेला जाऊ नका. फोनला मोकळं सोडलं की पांढऱ्या साडीतली आत्या समोरून गेली की हॉल अंधारतो, ती गेली की उजळतो. ट्यूबलाइटचंही तसंच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबा आणि स्वस्तातल्या एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, फोनला कळतं, आणि चित्रावरून आडवे पट्टे सरकू लागतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवला तर पट्टे जातात, असं जाणकार सांगतात. जाणकारांना रिकामा वेळ फार. आपल्याकडे लुकलुक घालवणारं डीफ्लिकर आहे.

म्हणजे असेल. कारण आता सॉफ्टवेअर निवडायचं. काइनमास्टर किंवा इनशॉटवर फोनमध्येच काम होऊ शकतं, पण ‘मोबाइलवरच एडिट केलं’ हे सांगताना कॉलर ताठ होत नाही. दाविंची रिझॉल्व्ह घ्या. एकेकाळी लाखो डॉलरची यंत्रणा होती ती. २००९ साली ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने विकत घेतली आणि पुढे तिची एक आवृत्ती चक्क फुकट ठेवली. हॉलिवूडचे सिनेमे ज्यावर रंगतात तेच सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपवर, पंखा चालू राहिला तोपर्यंत. गंमत एवढीच की नॉइज घालवणं आणि डीफ्लिकर, म्हणजे वरच्या प्रकारे शूट केल्यावर ज्या दोन औषधांवाचून तुमचं अडणार, ती नेमकी पैसेवाल्या आवृत्तीत आहेत. शंकेखोर मेहुण्याने ‘फोनवर कधी सिनेमा होतो का’ विचारलं, तर त्याच्या तोंडावर २०१५ सालचं उदाहरण फेका. त्या वर्षी आयफोन ५एसवर चित्रित केलेला अख्खा अमेरिकन सिनेमा थिएटरात लागला होता. त्या मंडळींनी फोनपुढे खास अ‍ॅनामॉर्फिक म्हणजे सिनेमासारखं रुंद चित्र घेणारी लेन्स बसवली होती, फोन स्थिर राहील अशी व्यवस्था केली होती आणि आवाज वेगळ्या उपकरणांवर घेतला होता, हे मेहुण्याला सांगायची गरज नाही.

आता फुटेज टाइमलाइनवर टाका आणि सगळ्यांत आधी वरखाली काळे पट्टे ओढा. सिनेमाचं प्रमाण २.३९ ला १. तुमच्या १०८० ओळींच्या चित्रातून वरच्या १३८ आणि खालच्या १३८ ओळी झाकल्या की झालं. वरच्या पट्टीखाली उंच नणदेचं कपाळ जातं, खालच्या पट्टीखाली ओटीतले तांदूळ आणि नारळ. उरलेल्या मधल्या पट्ट्यात सात बायकांचे गळे आणि एका मामाचं पोट दिसतं, आणि ते अतिशय सिनेमॅटिक दिसतं.

फुटेज हलतंय? हलणारच, तुम्ही एका हातात मठ्ठ्याचा पेला धरला होता. स्टॅबिलायझेशन कमाल मात्रेवर न्या. सॉफ्टवेअर चित्र चारी बाजूंनी कापतं, मोठं करतं आणि सरळ उभं राहिलेलं दार कमरेतून लचकायला लागतं.

रंगांकडे मात्र सावकाश लक्ष द्या, कारण ‘प्रोफेशनल’ म्हणजे काय हे शेवटी इथेच ठरतं. इंटरनेटवरून पन्नास लटचा गठ्ठा उतरवून घ्या. लट म्हणजे कुठला रंग बदलून कुठला करायचा याचा तयार तक्ता. त्यातला टील-ऑरेंज निवडा, दुसरा कुणी निवडत नाही. यात सावल्या निळसर होतात आणि माणसं नारिंगी. डोहाळजेवणाला हे विशेष खुलतं. हिरवी साडी, हिरवा चुडा, हिरवं खण, ओटीत हिरव्या बांगड्या, असा सगळा हिरवा घाट तुमच्या सासूबाईंनी महिनाभर दुकानं पालथी घालून जमवलेला असतो. एका क्लिकमध्ये तो मोरचूद होतो. फुलांची वाडी घातली असेल तर मोगऱ्याची फुलं पिवळट पडतात आणि आदल्या दिवशीची वाटतात. फोन नव्या आयफोन प्रोपैकी असेल तर लॉगमध्ये शूट करा. त्यात सगळं मुद्दाम राखाडी आणि मरगळलेलं येतं, नंतर बैजवार रंग भरता यावेत म्हणून. तुम्ही भरू नका. राखाडीच ठेवा आणि त्याला मूड म्हणा.

मग स्लो मोशन. शूट करताना सेकंदाला ६० किंवा १२० फ्रेम ठेवल्या असत्या तर संथपणा सुबक आला असता, पण तुम्ही ३० वर केलंय आणि औक्षण पाव वेगाने हवंय. ऑप्टिकल फ्लो चालू करा. जी चित्रं कॅमेऱ्याने घेतलीच नाहीत ती सॉफ्टवेअर अंदाजाने रचतं. निरांजन फिरवणाऱ्या हाताला मध्येच सहावं बोट फुटतं, बांगड्या वितळून मनगटावर ओघळतात. सुवासिनी पाच बोलावल्या होत्या, हात मात्र मोजू नका.

आणि ट्रान्झिशन. दोन शॉट नुसते एकापुढे एक ठेवणं हे अडाण्याचं काम. प्रत्येक जोडावर झूम, गरगर किंवा ती विजेचा झटका बसल्यासारखी ग्लिच हवीच. कार्यक्रमात एक जागा अशी असते की तिथे सगळा हॉल श्वास रोखतो: दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, दुसरीत बर्फी, वहिनी आता कुठली उघडणार? तिचा हात पुढे येतो, थबकतो, उजवीकडे जातो, परत फिरतो, झाकण उचललं जातं... आणि ग्लिच. पुढचा शॉट जिलेबीचा. पेढा होता की बर्फी, हे नातेवाईक फोन करून विचारतील.

आवाजाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण तो तुम्ही ठेवणारच नाही आहात. त्या दिवशी एक चुलत आजी गायल्या होत्या. महिन्यामहिन्याचे डोहाळे सांगणारं गाणं, तिसऱ्या महिन्यात काय खावंसं वाटलं, पाचव्यात काय. मध्येच त्या अडल्या, तेव्हा त्यांच्या धाकट्या जावेने ओळ दिली, दोघी हसल्या आणि पुढे गेल्या. त्यांच्याजवळ एखादा दुसरा फोन व्हॉइस रेकॉर्डर चालू करून नुसता ठेवला असता, किंवा हजाराच्या आत मिळणारा कॉलर माइक लावला असता, तर शब्द न् शब्द आला असता. तुमच्या फोनला तो कूलरच्या पलीकडून ऐकू आला. त्यातून कूलर काढायला गेलात की आजी विहिरीच्या तळातून गायला लागतात. सोडून द्या. ‘इमोशनल सिनेमॅटिक पियानो, नो कॉपीराइट’ टाका. हेच पियानो एका सिमेंटच्या जाहिरातीत आणि पुण्यातल्या निम्म्या प्री-वेडिंगमध्ये वाजलेलं आहे, त्यामुळे कानांना ओळखीचं वाटतं.

मूळ आवाज कुठे ठेवायचाच झाला तर तो चित्राच्या मागेपुढे घसरलेला असेल. फोन सेकंदाला ठरल्याएवढ्या फ्रेम घेत नाही, अंधार पडला की हात आखडता घेतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर हिशेबाला पक्कं, ते समान फ्रेम धरून चालतं. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून क्लिप आधी समान फ्रेमवर काढून घेतल्या की हे सुटतं. पण मग मावश्या आधी हसतात आणि काकांचा विनोद मागून येतो, ही मजा हातची जाते. (काकांच्या विनोदांना एरवी असं हसू मिळत नाही, हेही लक्षात घ्या.)

टायटल मराठीतच हवं. सोनेरी अक्षरं, मागून उडणारी धूळ. एडिटिंगला प्रीमियर नावाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिपींची सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. ती न केल्यास पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून पडतात. कुणी बोट दाखवलं तर फॉन्टच तसा आहे म्हणून सांगा.

शेवटी एक्स्पोर्ट. मूळ फुटेज १०८० चं असलं तरी फोर-के करा. चौपट पिक्सेल, माहिती तेवढीच, फाइल अगडबंब. लॅपटॉप रात्रभर घुमेल. सकाळी ती फाइल कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साधा व्हिडिओ म्हणून टाका, डॉक्युमेंट म्हणून पाठवू नका, तसं पाठवलं तर जशीच्या तशी पोहोचते. साध्या रस्त्याने गेली की व्हॉट्सअ‍ॅप तिला पिळून एवढीशी करतं आणि तुमचा फोर-के, तुमचा टील, तुमची धूळ, सगळं ठोकळ्या-ठोकळ्यांनी आत्याच्या फोनवर उतरतं. आत्या अंगठा दाखवेल. चुलत आजींचा नातू विचारेल, ‘आजीचं गाणं होतं ना?’ त्याला हात जोडलेला इमोजी पाठवा.

आता फोन भरल्याची सूचना येत असेल. मूळ क्लिप डिलीट करा, आणि मग ‘नुकतेच डिलीट केलेले’मध्ये जाऊन तिथूनही काढा, एक राहू देऊ नका. जागा लागणार आहे. तीन महिन्यांनी बारसं आहे आणि तेही तुमच्याकडेच आहे.