गुडघ्याची भूमिती

34 वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली. त्यामुळे हिचा उजवा गुडघा बदलल्यावर डॉक्टर म्हणाले, "दोन आठवड्यांत 90 अंश वाकला पाहिजे," तेव्हा पेपर आपल्याच विषयाचा निघाल्याचा आनंद मला झाला.

घरी आल्यावर कंपासपेटी शोधली. पाचव्या दिवशी हिच्या कण्हण्याकडे दुर्लक्ष करून कोनमापक लावला. 110! काटकोन ओलांडून विशालकोन! माझ्या बहिणी, हिच्या बहिणी, सगळ्यांना फोन झाले.

संध्याकाळी फिजिओथेरपीवाली मुलगी आली. तिनं दोन लांब पट्ट्यांचं आपलं मापक लावलं. "काकू, सत्तर."

"एकशेदहा," मी म्हणालो.

"काका, पाय सरळ असतो तो शून्य. तिथून मोजायचं."

मी मांडी आणि पोटरीमधला कोन मोजला होता. तिनं त्याचा पूरककोन. म्हणजे माझ्या पद्धतीनं पाय लाकडासारखा ताठ राहिला असता, तर 180 अंश मिळवून ही बोर्डात आली असती.

"तुमच्या हाताखालून किती बिचारी मुलं नापास झाली असतील," ही एवढंच म्हणाली. फोन मात्र सगळे मलाच परत करावे लागले.

तेव्हापासून माझी बदली मोजणी खात्यात झाली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबून धरायची, टाचेला पावडर लावून पाय चादरीवरून जवळ ओढायचा, आणि दर वेळी मी दहा मोजायचे. माझे दहा मोठे असतात अशी हिची तक्रार. "सातानंतर तुम्ही पेपर वाचता." हे खरं आहे, पण फक्त मथळे. स्वतः मोजताना मात्र ही पाचावरून थेट आठावर जाते. भाजीवाल्याशी पन्नास पैशांसाठी भांडणारी बाई!

एका रात्री दया येऊन मी गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. सकाळी त्या मुलीनं मलाच झापलं. उशीवर पाय वाकलेला राहतो आणि मग पूर्ण सरळ होत नाही म्हणे. प्रेमाला वैद्यकशास्त्रात जागा नाही.

धीर द्यावा म्हणून सांगितलं, "वाजपेयींचे तर दोन्ही गुडघे बदलले, 2000 आणि 2001 मध्ये. पंतप्रधान असताना!"

"त्यांना घरी मोजायला नवरा नव्हता."

भेटायला येणाऱ्यांबद्दल बोलत नाही. चहा करता करता माझेच गुडघे गेले.

जिना हा वेगळाच धडा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पहिल्याच दिवशी मधल्या पायरीवर मी आत्मविश्वासानं उलटं ओरडलो. ही एक पाय हवेत धरून, कठडा घट्ट पकडून माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेचा कोन मोजायची माझी हिंमत झाली नाही.

दीड महिन्यानं गुडघा 110 वर आला. खराखुरा, त्या मुलीच्या मापाचा. त्या दिवशी ही काठी न घेता कोथिंबीर आणायला निघाली. लागलीच तर असावी म्हणून मी काठी घेऊन मागून चाललो. फाटकापाशी तळमजल्यावरच्या काकांनी मला न्याहाळून विचारलं, "कुठल्या गुडघ्याचं केलंत?"

मी तोंड उघडायच्या आत, मागे वळूनही न बघता ही म्हणाली, "त्यांचं करता येत नाही हो. अक्कल तिथंच आहे."