आधी मत, मग सिनेमा

सिनेमातले जाणकार म्हणून नाव काढायचं ठरवलंत, अभिनंदन. या धंद्याला भांडवल लागत नाही, परवाना लागत नाही आणि लोकांचा समज आहे तसे फारसे सिनेमेही लागत नाहीत. लागतं ते मत, आणि तेही कुणी विचारायच्या आत तयार असलेलं.

पहिलं पथ्य म्हणजे सिनेमा 'आवडला' असं कधीही म्हणायचं नाही. आवडतो तो प्रेक्षकाला. जाणकाराच्या तो अंगावर येतो. अंगावर आला नाही तर तो आशयघन असतो, आणि मध्ये झोप लागली असेल तर संयत.

सुरुवात वरच्या पायरीपासूनच करा. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेऊन जगातल्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी काढतं. पहिल्या खेपेला 'बायसिकल थीव्ज' वर होता. मग १९६२ ते २००२ सलग पाच वेळा 'सिटिझन केन', २०१२ मध्ये 'व्हर्टिगो'. २०२२ मध्ये सोळाशेहून अधिक समीक्षक-अभ्यासकांनी मिळून शांताल अकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ सालचा 'जान दिएलमान' पहिल्या नंबरावर आणून बसवला. त्याच्या पूर्ण नावात घर नंबर, रस्ता आणि पिनकोडसुद्धा आहे. तेवढं पाठ केलंत की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम तीन तास एकवीस मिनिटांचं आहे. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा शाळेत जाणारा मुलगा आणि तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरुणं आवरते, दुपारी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला दार उघडते आणि तो गेला की पुन्हा स्वयंपाकाला लागते. कॅमेरा जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. तिथून तिच्या दिवसाची घडी विस्कटत जाते आणि तिसऱ्या दिवशी एका माणसाचा जीव जातो. हे केलं तेव्हा अकेरमान जेमतेम पंचविशीत होती. सिनेमा खरोखर थोर आहे. (हे एक वाक्य उपरोधात धरू नये.)

तर तो तुम्ही रविवारी सकाळी दिवाणखान्याचं दार लोटून पाहायला बसा. बटाटे सोलण्याच्या दृश्याला तुमचा श्वास अडकला पाहिजे. बाईच्या अदृश्य श्रमांना पडद्यावर केवढी जागा, केवढा अवधी! नेमकी त्याच वेळी आतून कुकरची शिट्टी झाली तर दार नीट लावून घ्या, तंद्री मोडते. आई 'वाढू का रे, की अजून आहे तुझं?' असं विचारायला आली तर पडद्यावरची नजर न काढता हातानेच थांबवा. ती दोन मिनिटं दारात उभी राहील आणि म्हणेल, 'ही नुसती बटाटेच सोलतीये का?' रागावू नका, तिला समजावून सांगा: हा सिनेमा तुझ्यासारख्या बायकांबद्दल आहे, म्हणून तर बघतोय. मग भाजी कसली केलीये ते विचारून घ्या. जाता जाता तिने 'गाळ झाला बघ तिच्या बटाट्यांचा, लक्ष नाही आज बाईचं' असं म्हटलं तर तिकडे काणाडोळा करा. समीक्षकांनी नेमक्या त्याच क्षणावर पानंच्या पानं लिहिली आहेत, पण त्यांनी ती वाचून लिहिली आहेत, हिने नुसतं पाहिलं.

अभिजाताची बाजू झाली. आता कल्ट, म्हणजे भक्तमंडळींनी डोक्यावर घेतलेले सिनेमे.

कल्ट सिनेमाच्या अटी दोनच. तो आला तेव्हा पडलेला असला पाहिजे आणि पडला तेव्हा तुम्ही थिएटरात असला पाहिजेत. 'अंदाज अपना अपना' १९९४ च्या नोव्हेंबरात आला आणि आपटला. आज तो पहिल्या आठवड्यात पाहिलेला माणूस दर तिसऱ्या टेबलावर भेटतो. एवढे सगळे खरंच गेले असते तर त्या वर्षी 'हम आपके हैं कौन'ला तिकिटं उरली असती. पण ते असो, तुम्हीही गेला होतात. कुणी वयाचा हिशेब मांडू लागलं तर काकाच्या मांडीवर बसून पाहिल्याचं सांगा. काकाला साक्षीला कोण बोलावतंय?

त्याच साली अमेरिकेत 'द शॉशँक रिडेम्प्शन' तिकीटबारीवर असाच आडवा झाला. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, हातात एकही बाहुली आली नाही. पुढे व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीने तो घराघरात नेला आणि आता आयएमडीबी या संकेतस्थळावरच्या प्रेक्षकांच्या यादीत वर्षानुवर्षं पहिला आहे. म्हणजेच तो तुमच्या कामातून गेला. ज्या सिनेमातला सुटकेचा प्रसंग ऑफिसातल्या एचआरवाल्या बाईंनी 'आशावाद आणि तिमाही उद्दिष्टं' या विषयावर स्लाइडमध्ये लावला, तो तुम्हाला पुन्हा चांगला म्हणता येत नाही. 'कॅमेरावर्क ठीक आहे' इथपर्यंत या आणि थांबा.

आपल्या 'तुंबाड'चंही तेच होऊ घातलं आहे. २०१८ मध्ये तो आला तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. २०१८ वाल्यांनी २०२४ वाल्यांकडे कसं बघायचं? तर वतनदारांनी उपऱ्यांकडे बघावं तसं.

एखादा भयाण सिनेमाही पदरी असू द्या. कांती शाह यांचा १९९८ चा 'गुंडा' चालेल. परदेशी हवा असेल तर २००३ चा 'द रूम' आहे. त्याच्या मध्यरात्रीच्या खेळांना लोक पडद्यावर प्लॅस्टिकचे चमचे फेकतात. वाईट सिनेमा मनापासून आवडायला जी उंची लागते ती सगळ्यांकडे नसते, असं सुचवत राहायचं. बाकी खुलासा नको.

मराठी माणसाला मात्र कल्टची दीक्षा घ्यावी लागत नाही. तो 'अशी ही बनवाबनवी'तच जन्माला येतो. १९८८ चा सिनेमा, पण इस्रायलचं औषध, ते सत्तर रुपये आणि ती लिंबू कलरची साडी ठाऊक नसलेला माणूस पंगतीत शेजारी बसला तर आपण वाढप्याला विचारतो, हे पाहुणे कुणाकडचे? पुण्यात भाड्याची खोली मिळावी म्हणून चौघांतल्या दोघांना बायका व्हावं लागतं. ब्रह्मचाऱ्यांना जागा देताना पुणेकर आजही जे प्रश्न विचारतात ते ऐकले की हा सिनेमा विनोदी सदरात कुणी टाकला असा प्रश्न पडतो. तर अशा या सर्वांच्या लाडक्या सिनेमाचं तुम्ही काय करायचं? सगळे एकमेकांना संवाद ऐकवून लोटपोट होत असताना शांतपणे चष्मा पुसायचा आणि म्हणायचं, 'मूळ हृषीकेश मुखर्जींचं. बीवी और मकान, १९६६.' टेबलावर शांतता पसरेल. लगेच हात धुवायला उठा, कारण पुढचा प्रश्न 'तो कसा आहे?' असा असणार आणि तो तुम्ही पाहिलेला नाही.

घरी मात्र टीव्हीवर लागला की पाहा. फक्त कुणी आलंच तर 'लोकप्रिय संस्कृतीचा दस्तऐवज म्हणून बघतोय' हे वाक्य जिभेवर असू द्या.

दिग्दर्शकांच्या बाबतीत नियम सोपा आहे. मागे मागे जायचं. २०१६ मध्ये 'सैराट'ने थिएटरात खुर्च्यांवर चढून लोकांना नाचवलं, तेव्हा तुम्ही 'फँड्री बरा होता' म्हणायला हवं होतं. समोरच्याने 'फँड्री' पाहिलेला निघाला तर नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या' हा लघुपट काढा, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही आहे. तिथेही कुणी गाठलंच तर 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्यांचा कवितासंग्रह आहे. कवितांपर्यंत सहसा कुणी पाठलाग करत नाही.

'फँड्री'बद्दल एक सावधगिरी. शेवटी जातीवरून हिणवला गेलेला पोरगा जब्या दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्यावर येतो. कॅमेऱ्याच्या जागी तेव्हा तुम्ही बसलेले असता. तरी तो शेजारच्या खुर्चीतल्याला लागला असंच धरून चालायचं असतं. त्यासाठी 'समाजाला सणसणीत चपराक' हे वाक्य आधीपासून तयार आहे. समाज म्हणजे आपण सोडून बाकीचे. हे वाक्य सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि त्याच ग्रुपवर कामवाल्या बायकांनी कोणती लिफ्ट वापरावी यावर मतदान चालू असेल तर तेही उरकून घ्या.

'कोर्ट'ला मात्र तयारीने जावं लागतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमाला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि ऑस्करसाठी भारताकडून निवड. शाहीर नारायण कांबळेंवर आरोप असा की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. कॅमेरा लांब उभा राहतो, कुणाच्या चेहऱ्यात घुसत नाही. खटला तारखांवर तारखा खातो, आणि कोर्ट सुटलं की सिनेमा सरकारी वकीलबाईंच्या मागोमाग लोकलने त्यांच्या घरी जातो. तिथे बाई कुकर लावतात. (पुन्हा कुकर. थोर सिनेमाला स्वयंपाकघराचं वावडं नसतं, ते रसिकाला असतं.)

परीक्षा आहे ती शेवटाकडे. सुट्टी लागते, कोर्टाच्या दालनातले दिवे मालवतात आणि पडदा काळा पडतो. इथे लोक उठतात, चपला चाचपतात, मोबाइलचा टॉर्च लावतात. तुम्ही उठायचं नाही. सिनेमा संपलेला नाही, अजून जजसाहेबांची सहल बाकी आहे. उभ्या राहिलेल्यांकडे किंचित करुणेने पाहा आणि ते ओशाळून परत बसेपर्यंत नजर काढू नका. जजसाहेब बागेत बाकावर डुलक्या काढत असतात आणि पोरं ओरडून त्यांची झोप मोडतात. न्यायाच्या हाताने पूर्ण सिनेमात तत्परतेने केलेली एकमेव कृती त्यानंतर येते, एका पोराच्या कानाखाली. पण तुम्ही लोकांकडे बघत असल्यामुळे ती तुमची हुकेल. हरकत नाही, लेखात सापडते.

एका सिनेमाचा विषय शक्यतो काढू नका, तो म्हणजे प्रभातचा 'संत तुकाराम'. १९३६ साली दामले-फत्तेलालांनी केला. मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. तुकाराम झालेल्या पागनीसांना पाहून थिएटरात हात जोडणारी माणसं आणि व्हेनिसचे परीक्षक या दोघांनाही एकच सिनेमा पसंत पडला. ही गोष्ट आपल्या व्यवसायाला मारक आहे. लोकांना आवडलं ते उथळ आणि परीक्षकांना आवडलं ते खोल, एवढ्या दोन खांबांवर आपलं दुकान उभं आहे. ज्या आवारात तो सिनेमा बनला तिथेच पुढे फिल्म इन्स्टिट्यूट आली, म्हणजे जाणकारांची पंढरीसुद्धा याच तुकारामाच्या जागेत. विषय बदललेला बरा.

महोत्सवांना जाणं आलंच. जानेवारीत पुणे, नोव्हेंबरात पणजी. गळ्यातलं ओळखपत्र घरी आल्यावरही काही दिवस काढू नका, दूधवाल्याला दिसलं पाहिजे. रांगेत दोन तास उभं राहून आत गेलात की पंधराव्या मिनिटाला उठून बाहेर या. बसून राहणाऱ्यापेक्षा उठून गेलेल्याचं मत नेहमी जास्त टोकदार समजलं जातं. पणजीत तर बाहेर मांडवी आहे, मासे आहेत आणि सिनेमावर बोलायला आणखी उठून आलेली माणसं आहेत.

राहिलं ऑस्कर. हा आपला हंगाम. २०२४ मध्ये पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला. त्यातली छाया कदमची पार्वती पाहा. गिरणी कामगाराची विधवा, इतकी वर्षं राहिली ते घर आपलं आहे असं सांगणारा एक कागद तिच्याकडे नाही, म्हणून शेवटी मुंबई सोडून रत्नागिरीला आपल्या गावी परतते. ऑस्करसाठी भारताचा सिनेमा निवडणाऱ्या फिल्म फेडरेशनच्या समितीला हा 'भारतात घडणारा युरोपीय सिनेमा' वाटला. रत्नागिरीकरांना आपण युरोपात असल्याचं तेव्हाच कळलं. ऑस्करला 'लापता लेडीज' गेला. तुम्ही रीतसर भडकलात, तीन पोस्टी टाकल्यात, एका मित्राला अनफ्रेंड केलंत. नोव्हेंबरात पार्वती जवळच्या मल्टिप्लेक्सला लागली तेव्हा खेळ एकच होता आणि तोही दुपारच्या अडनिड्या वेळी, त्यामुळे तुम्हाला जमलं नाही ते समजण्यासारखं आहे. संताप मात्र वाया घालवू नका. पुढच्या वर्षी समिती पुन्हा बसेल आणि काहीतरी निवडेल. निषेधाचा मजकूर आजच लिहून ठेवा, दोन्ही सिनेमांच्या नावांपुरती जागा कोरी सोडा.